क्लच नसलेली गाडी

रंगवून सांगणं मला जमत नाही.

मी एका रुग्णालयात नसांच्या तपासण्या करते. रुग्णाच्या त्वचेवर पट्ट्या चिकटवायच्या, पडद्यावरची रेषा बघायची, जे दिसलं ते लिहायचं. इथेही तेच करणार आहे. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

सुरुवात गेल्या हिवाळ्यातली. अंधार नव्हता, वादळ नव्हतं. भर दुपार होती. जागा म्हणजे जुन्या गाड्या विकणाऱ्या एका दलालाची पत्र्याची शेड.

सोबत ताई होती. माझी थोरली बहीण.

ताईने उभा जन्म व्हॅन चालवली. औषधांच्या दुकानांना माल पोचवायची. मग मणक्याचं दुखणं निघालं, ऑपरेशन झालं आणि डावा पाय गुडघ्याखाली गेला. म्हणजे जागेवर होता, पण नुसता लोंबत होता. त्याची तपासणी मीच केली होती.

रेषा सपाट.

तिच्या औषध एजन्सीचा मालक माणूस चांगला. म्हणाला, "दुकानांत फिरून ऑर्डर घ्यायचं काम देतो. पण गाडी तुझी तू चालवायची. नाही जमलं तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

डावा पाय नाही म्हणजे क्लच नाही. क्लच नाही म्हणजे ऑटोमॅटिक. आणि नवी घ्यायची आमची ऐपत नव्हती.

"डोळे मिटून घ्या मॅडम," दलाल म्हणाला.

"ही झोपतानाही डोळे मिटत नाही," ताई म्हणाली. "मोजपट्टी आहे आमची."

मी बॉनेटवर हात ठेवून बघितला. गार होतं. इंजिनाची खोड लपवायची असली की विकणारे ते आधीच तापवून ठेवतात. इथे तसं नव्हतं. गिअरबॉक्सचं तेल लालसर, जळका वास नाही. पार्किंगमधून रिव्हर्समध्ये टाकली, हिसका नाही. ब्रेकवरून पाय उचलला की गाडी आपणहून हळूच पुढे सरकत होती. चढावरही कुरकुर नाही. शेवटी पेडलचं रबर बघितलं. मीटर खोटं बोलू शकतो, रबर बोलत नाही. फारसं झिजलेलं नव्हतं. गाडी खरंच कमी चाललेली होती.

आणि मग मला खालची चटई दिसली...

ब्रेकच्या डावीकडे. ऑटोमॅटिक गाडीत जिथे काहीच नसतं, तिथे.

चटईला आरपार भोक पडलं होतं. टाचेच्या आकाराचं. खालचा गालिचाही झिजून पातळ झाला होता.

जणू तिथे एक पेडल होतं... आणि कुणीतरी ते वर्षानुवर्षं दाबत होतं.

"जुनी सवय हो," दलाल हसला. "आयुष्यभर क्लच मारलेला माणूस. पाय क्लच शोधत बसतो."

पटलं. त्याने चटई बदलून दिली. गाडी घरी आली. ताईचं काम पक्कं झालं.

"गाडीचा पायगुण चांगला आहे हो," आई म्हणाली.

पहिला आवाज त्यानंतर काही दिवसांनी आला.

ताई मला कामावरून आणायला आली होती. फाटकापाशी गाड्यांची रांग लागली होती. इंजिन चालू, गाडी उभी. आम्ही दोघी गप्प.

धप्...

मग घासल्यासारखं काहीतरी. हळू. लांबलचक.

स्स्स...

मी खाली बघितलं.

ताईचा डावा पाय चटईवर टेकला होता. पुढचा पंजा खाली दबला... आणि सावकाश वर आला.

ताईने स्टिअरिंग घट्ट धरलं. "हलला," ती म्हणाली. "मोजपट्टे, माझा पाय हलला गं!"

"परत कर."

धप्... स्स्स...

ती हसत होती आणि रडत होती. मागची गाडी हॉर्न वाजवत होती. तिला ऐकूच येत नव्हतं.

घरी आल्यावर मी पाय तपासला. टाचणी टोचली. गुदगुल्या केल्या.

काही नाही. ओल्या कापडासारखा पडलेला.

पुन्हा गाडीत नेलं.

धप्... स्स्स...

मी स्वतःला समजावलं. मेंदूतली जुनी वाट जागी होत असेल. ओळखीची बैठक, ओळखीची हालचाल. असं होऊ शकतं. फार क्वचित, पण होऊ शकतं.

ताई मात्र गाडीतून उतरेनाशी झाली. फोन गाडीत, हिशेब गाडीत. जेवणाचा डबासुद्धा गाडीत.

"अगं, गाडी घेतलीस की बिऱ्हाड?" आई वरून ओरडायची.

"इथे मी अख्खी असते आई," ताई खालून म्हणायची.

आई खिडकी लावून घ्यायची.

एकदा मी तिच्या शेजारी जाऊन बसले. गाडी बंद होती. पाय चालूच होता.

"तू करतेस," मी विचारलं, "की आपोआप होतं?"

तिने खाली पायाकडे बघितलं.

"आधी वाटायचं मीच करते," ती म्हणाली. "हल्ली होऊन गेल्यावर कळतं."

सुट्टीच्या दिवशी मी रुग्णालयातलं लहान मशीन घेऊन आले. भर उन्हात, उघड्या मैदानात गाडी उभी केली. ताईच्या पोटरीवर पट्ट्या चिकटवल्या. मशीन मांडीवर घेतलं.

"दाब."

धप्...

रेषा सपाट.

"परत."

धप्... स्स्स...

सपाट.

पट्ट्या बदलल्या. वायर बदलल्या. माझ्याच पायावर लावून बघितल्या. माझी रेषा उसळली. मशीन ठीक होतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. माणूस आपला पाय हलवतो, तेव्हा स्नायूत बारीक वीज खेळते. रेषा उसळते. ती सपाट राहते एकाच वेळी... मी रुग्णाचा पाय माझ्या हातात धरून हलवते, तेव्हा.

म्हणजे, पाय दुसरं कुणी हलवत असेल तेव्हा.

मी वाकले. ताईच्या घोट्यापाशी हात नेला.

त्वचा गार होती. आणि घोट्याच्या वर, एका बाजूला चार खळगे पडले होते... दुसऱ्या बाजूला एक.

माझ्या डोळ्यांदेखत ते खळगे खोल गेले.

धप्...

"काय दिसतंय गं?" ताईने विचारलं. तिचा चेहरा असा उजळला होता, की...

"बॅटरी गेली," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ताई झोपलेली असताना मी किल्ली उचलली आणि गाडी घेऊन थेट दलालाची शेड गाठली.

"आधीचा मालक कोण होता?" मी विचारलं.

"एक बाई होत्या. चांगल्या घरच्या," तो म्हणाला. "डावा पाय अधू होता बिचारीचा. म्हणून तर ऑटोमॅटिक घेतलेली."



"डावा पाय अधू होता," मी म्हणाले. "मग तो गालिचा झिजवला कोणी?"

खरंच, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"नंतर बऱ्या झाल्या होत्या म्हणे," तो म्हणाला. "काठी टाकून चालायच्या. घरचे खूश होते. मग उजवा पाय गेला. मग हात. शेवटी सगळं अंगच पडलं."

"आणि डावा पाय?"

"त्यांचे यजमान किल्ली द्यायला आले, तेव्हा तेच सांगत होते." त्याने आवाज खाली आणला. "तेवढा हलत होता. शेवटपर्यंत. बाई गेल्यावरसुद्धा... थोडा वेळ."

मी किल्ली त्याच्या टेबलावर ठेवली. "जे द्याल ते द्या. गाडी परत घ्या."

परतताना मला हायसं वाटत होतं. शेडपर्यंत मी स्वतः गाडी चालवली होती. सगळी वाट माझं लक्ष माझ्या डाव्या पायाकडे होतं. काही झालं नाही. ना आवाज, ना गारवा. गाडी अगदी रिकामी होती.

घराचा जिना चढताना माझा पाय थबकला.

गाडी रिकामी होती.

मग...

दार उघडं होतं. आतून आईच्या रडण्याचा आवाज येत होता. मी धावत आत गेले.

आई आनंदाने रडत होती.

ताई स्वयंपाकघरातून बाहेर येत होती. भिंतीला न धरता. काठी कोपऱ्यात पडलेली.

"गाडी विकलीस ना?" ती म्हणाली. रागाचा लवलेश नव्हता. "बरं केलंस. आता कशाला लागतेय? आता क्लचवाली व्हॅनच चालवते की नाही बघ!"

ती माझ्याकडे चालत आली.

उजवा पाय साधा पडत होता. डावा आधी दाबला जायचा... मग सावकाश सुटायचा.

धप्... स्स्स...

धप्... स्स्स...

तिने मला मिठी मारली. मीही मारली. दुसरं काय करणार होते?

त्याला आता काही महिने झाले. ताई कामावर जाते. मालकाने व्हॅन परत दिली. शेजारी आईला विचारतात, कुठल्या डॉक्टरचा गुण आला? मी जेवते, झोपते, तपासण्या करते. ताईच्या पायाला मात्र मी पुन्हा कधी पट्ट्या लावल्या नाहीत. ती अधूनमधून म्हणते, "एकदा बघ ना गं, रेषा कशी उसळते ते." दर वेळी मी म्हणते, बॅटरी गेली आहे.

आज सकाळी ती खुर्चीत बसली आणि उजवी पोटरी चोळू लागली.

"या पायाला मुंग्या येतायत. दोन दिवस झाले. जरा मशीन लाव."

"बॅटरी..."

"नवी आणली," ती म्हणाली. "तुझ्या भरवशावर कोण बसणार?"

मशीन टेबलावर आहे. पट्ट्या माझ्या हातात आहेत. आधी हे लिहून काढावं असं वाटलं, म्हणून तिला थांबायला सांगितलं आहे.

ताई समोर उजवा पाय पुढे करून बसली आहे. खिडकीबाहेर बघत काहीतरी गुणगुणते आहे.

डावा पाय खाली फरशीवर आहे.

दाबला जातोय... सावकाश सुटतोय.

ताईचं तिकडे लक्षसुद्धा नाही.