आपलं की परकं

माणसं ओळखण्यात महादेवप्पा कच्चे. शेजारच्या म्हाळसाबाईंना त्यांनी दोनदा त्यांच्याच नणंदेच्या नावानं हाक मारली होती आणि दोन्ही वेळा चहाला मुकले होते. विमानांत मात्र त्यांची चूक नाही. हवाई दलात टेहळणीवर सगळी नोकरी झाली. तिथं पत्ते दाखवत, पत्त्यावर विमानाची नुसती काळी आकृती. दोन सेकंदांत नाव सांगायचं. हंसा, सारस, हॅरियर. "नावं पाखरांची ठेवत्यात, दिसायला एक बी पाखरासारखं नसतं," असं ते म्हणत. नाव सांगून झालं की साहेबांचा एकच प्रश्न: आपलं की परकं?

सोलापुरात होटगी रोडच्या विमानतळावर विमानं पुन्हा उतरू लागली, तशी आप्पांनी गच्चीवर खुर्ची मांडली, वही घातली. तारीख, वेळ, नाव. तिथंच त्यांची बायको ईरम्मा चादरी वाळत घालायची. मुलगा बसू पुण्याहून बजावायचा, "आप्पा, मागं पाण्याच्या टाकीवर माणूस दिसला म्हणालात, तिथं कुणीच नव्हतं. आता परत काही दिसलं, तर घराला कुलूप आणि दोघं पुण्याला. सातव्या मजल्यावर." हे पहिल्यांदा ऐकलं, त्या दिवशी ईरम्मा जेवली नव्हती.

सोमवारी बाराला वीस कमी असताना चादरीवरून एक सावली सरकली. कडा पुसट, म्हणजे वस्तू उंचावर. आप्पांनी वर पाहिलं. आभाळ रिकामं. आवाजही नाही.

मंगळवारी तीच वेळ, तीच सावली, जरा ठळक. रुंद पंख, पुढं लांब मान, मागं पाय. असला पत्ता त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्यांनी ती वहीत काढली आणि नावाची जागा कोरी ठेवली. आयुष्यातली पहिली कोरी जागा.

ईरम्मानं वही पाहिली आणि पोरीसारखी हसली.

"ह्यो तर माळढोक! माझ्या माहेरी, नान्नजच्या माळावर, लई असायचे की. आता दिसतच न्हाईत म्हणं. तुमी कुटं बघितला?"

"कुटं न्हाय. चाळा म्हणून काढला."

ती चित्रावरून बराच वेळ बोट फिरवत राहिली.

बुधवारी सावलीच्या कडा कात्रीनं कापल्यासारख्या होत्या. ती आली आणि चादरीच्या मधोमध थांबली.

उडणारं काही असं थांबत नाही.

वारा पडला. लांबून येणारा यंत्रमागांचा खटखटाट कुणी दार लावून घ्यावं तसा बंद झाला. सावलीची मान किंचित वळली. ती वाट बघत होती.

"अहो, काय बघताय एवढं?" चादरीमागून ईरम्मानं विचारलं.

आप्पांना सातवा मजला आठवला. ते घाईनं म्हणाले, "कुटं काय. आपलं..."

आपलं उगीच, असं म्हणायचं होतं त्यांना. पण पुढचा शब्द तोंडातच राहिला.

सावली चादरीमागं खाली उतरली.

लगेच माग वाजू लागले. चादर हलली. तिच्यावर आता फक्त ऊन होतं.

"चला, भाकरी गार होतीय," म्हणत ईरम्मा चादर सारून बाहेर आली. तेवढ्यात फोन वाजला. बसूचा.

"आप्पा, ठीक ना? काही दिसलं नाही ना?"

ईरम्मा गच्ची ओलांडून जिन्याकडं निघाली होती. आप्पांची नजर सवयीनं फरशीवर गेली. बाराच्या सुमाराला सगळ्यांच्या सावल्या पायाखाली गोळा होतात. हिची लांब पडली होती.

दोन सेकंद पुरले.

"न्हाय," आप्पा म्हणाले.

"आणि आई?"

ईरम्मा थांबली. वळली नाही. मान तेवढी एका बाजूला कलती करून ऐकत राहिली.

"हाय की," आप्पा हळू म्हणाले. "आपलीच हाय."

फरशीवरच्या सावलीनं पंख अंगालगत मिटून घेतले.