अर्ध्या तासाची चार पानं

मला बघायला आले तेव्हा सासरच्यांनी माझी उंची विचारली नाही, रंग पाहिला नाही, स्वयंपाक येतो का हेही विचारलं नाही. सासऱ्यांनी एवढंच विचारलं, "मिनिटाला शब्द किती?"

"एकशे वीस," मी म्हणाले.

"वाचून दाखवताना अडखळतेस?"

"नाही."

"झालं तर मग," ते म्हणाले, आणि लग्न ठरलं. ते गेल्यावरही आई हसत होती. म्हणाली, "सून बघायला आले होते की कारकून?" मीही हसले. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

मी न्यायालयात लघुलेखिका होते. साक्षीदार बोलतो, मी लिहिते. सुनावणी सुरू होताना साहेब विचारायचे, "लघुलेखिका हजर आहे का?" मी म्हणायची, "हजर." दिवसभरात माझ्या तोंडून निघणारा तो बहुधा एकच शब्द. मला बोलायचा कंटाळाच, त्यामुळे नोकरी मानवली होती. आमचे लघुलिपीचे मास्तर सांगायचे, "कानातून हातात. मध्ये डोकं आणलंत की चुकलात." ते माझ्या इतकं अंगवळणी पडलं होतं की समोरचा काय बोलला हे मला कधीकधी वहीतलं वाचूनच कळायचं.

लग्नानंतर गाव बदललं, नोकरी सुटली. नवी मिळेपर्यंत सासऱ्यांचं काम करायचं ठरलं. ते चर्चचे निवृत्त पाळक. डोळे गेलेले. तीस वर्षं एकच ग्रंथ लिहीत होते, ख्रिस्ती शास्त्रातल्या शेवटच्या पुस्तकाचा अर्थ. जगाच्या अंताचं ते पुस्तक, सात शिक्क्यांचं, चार घोड्यांचं. लहानपणी मला त्याची इतकी भीती वाटायची की बाकीचं शास्त्र वाचताना मी ती शेवटची पानं अंगठ्याखाली घट्ट दाबून धरायची. जणू बाहेर येतील.

सासरे सांगायचे तेव्हा मात्र भीती जायची. रोज दुपारी साडेतीनला त्यांच्या खोलीत चहा घेऊन जायचं, टेबलाशी वही उघडून बसायचं. ते खिडकीकडे तोंड करून बोलायचे. काचेसारख्या समुद्राबद्दल असं बोलायचे की पेन्सिल धरलेली माझी बोटं गार व्हायची.

"लोक या पुस्तकात तारखा शोधतात," एकदा म्हणाले. "माझ्या आयुष्यात जग सहा वेळा संपलं. दोनदा तर मी त्यासाठी नवा कोट शिवून घेतला होता."

"तो ग्रंथात लिहू का, बाबा?"

"कोट नको लिहूस. पुढचं लिही. प्रत्येक पिढीला या पुस्तकातल्या श्वापदात आपापला राजा दिसला, आणि प्रत्येक पिढी चुकली. हे कुलूप नाही, चित्र आहे. चित्राकडे बघावं, किल्ली शोधू नये."

मला ते वाक्य फार आवडलं. मी त्याखाली रेघ मारली.

सासूबाई मात्र त्या खोलीत कधी यायच्या नाहीत. त्या बोलतही नसत. सात वर्षांपूर्वी एका दुपारी त्यांची वाचा गेली होती. डॉक्टर म्हणाले, घसा ठणठणीत आहे. हातातला डाव भांड्यावर एकदा वाजवला की हो, दोनदा वाजवला की नाही, एवढ्यावर त्यांचा संसार चालला होता. "न बोलणारी सासू! कोणत्या पुण्याईनं मिळाली गं?" असं माझ्या मैत्रिणी विचारायच्या. आणि सासूबाई खरंच मायाळू होत्या. एकच खोड होती. मी रात्री टोकं करून ठेवलेल्या पेन्सिली सकाळी मोडलेल्या असायच्या. टोकंच फक्त मोडलेली, कणा शाबूत. एकदा मी त्यांना ते करताना पाहिलं. ओट्याच्या कडेवर पेन्सिल ठेवून त्या अंगठ्याने टोक दाबत होत्या, भाजी निवडावी इतक्या शांतपणे.

"आईंचं काय बिनसलंय माझ्या पेन्सिलींशी?" मी नवऱ्याला विचारलं. तो लिफ्ट दुरुस्त करतो, सकाळी जातो तो दिवेलागणीला येतो.

"पूर्वी तीच लिहायची ना बाबांचं," तो बूट काढत म्हणाला. "तीसुद्धा लघुलेखिका. तुला माहीत नाही?"

मला कुणी सांगितलं नव्हतं. मत्सर असेल, असं मला वाटलं. बाईच्या जातीला बाई ओळखता येते म्हणतात. मला काही ओळखता आली नाही.

त्या बुधवारी मी नोकरीचा अर्ज टपालात टाकायला गेले होते. परत येताना एक नवी पेन्सिल घेतली, दुकानातच टोक करून पर्समध्ये ठेवली. घरी आले तर साडेतीन वाजत आले होते. चहा केला, पर्समधली पेन्सिल कानावर खोचली आणि सासऱ्यांच्या खोलीत गेले. स्वयंपाकघरातून भांड्यावर डाव दोनदा वाजला. मला वाटलं, चहा नको म्हणतायत.

सासरे त्या दिवशी ताठ बसले होते. दाढी केलेली, अंगात कोट.

"आज पुस्तकातल्या दोन जागा घ्यायच्यात," ते म्हणाले. "एका जागी सातवा शिक्का फुटतो, आणि स्वर्गात शांतता पसरते. सुमारे अर्धा तास. का? कुणाला माहीत नाही. दुसऱ्या जागी सात मेघगर्जना बोलतात. आवाज नाही, बोलतात. हे दर्शन पाहणारा लिहायला सरसावतो, आणि त्याला सांगण्यात येतं, हे लिहू नकोस. सगळ्या पुस्तकात ही एकच गोष्ट त्याने ऐकली आणि लिहिली नाही."

"न्यायालयात असं होतं," मी म्हणाले. एरवी मी मध्ये बोलत नाही. "साहेब म्हणतात, हे नोंदीतून वगळा. मग ते वगळतात."

"आणि तुझ्या वहीतून?"

"वहीत राहतंच की. एकदा कानावर पडलं म्हणजे लिहिलेलं असतं."

ते हसले. इतकं मनापासून हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "हेच," ते म्हणाले. "हेच तीही म्हणाली होती. लिही आता. माझं मत असं की या दोन जागा एकच आहेत. बाहेरून शांतता, आतून गर्जना. आकाश गप्प झालं ते आपल्यापुरतं. ज्याचे कान तयार आहेत, त्याला त्या अर्ध्या तासात..." ते थांबले. "चार वाजले का?"

"आत्ताच."

"मग आता तो अर्धा तास आपण पाळायचा. काही बोलायचं नाही. वही उघडी ठेव."

म्हाताऱ्या माणसांच्या लहरी, म्हणून मी बसले. खिडकीतून समोरची शिंपीणबाई दिसत होती. दिवसभर तिच्या यंत्राची खडखड आमच्या घरात येते. आता तिचा पाय हलत होता, सुई खालीवर होत होती, आणि आवाज येत नव्हता. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. लंबक हलत होता. टिकटिक नव्हती. माझा कोपर लागून बशीतला चमचा फरशीवर पडला. पडला, दोनदा उसळला, स्थिर झाला. आवाज नाही. भर दुपारचं ऊन खोलीत पडलेलं, आणि त्या उन्हात दगडावर दगड घासल्यावर येतो तसा जळका वास. मला माझा श्वाससुद्धा ऐकू येईना. भीती वाटायला हवी होती. वाटत नव्हती. फक्त उजवा हात दुखत होता, भरपूर काम झाल्यासारखा.

मग घड्याळात साडेचारचा एक टोला पडला, आणि शिंपीणबाईच्या यंत्राची खडखड खोलीत शिरली.

सासऱ्यांनी मान वळवली. "किती पानं?"

"कसली पानं, बाबा?" म्हणत मी खाली पाहिलं.

चार पानं भरली होती. दोन कागद, पाठपोट. अक्षर माझंच. माझी वळणं, माझी घाईतली खूण. न्यायालयात अर्ध्या तासात मी वीस पानं भरायची. म्हणजे बोलणारा फार सावकाश बोलत होता.

"कोरं आहे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच चोरासारखा वाटला. "तुम्ही... तुम्ही काही बोललाच नाहीत."

त्यांनी हात पुढे केला, चाचपत वहीवर ठेवला. पेन्सिलीने कागदावर उमटलेल्या खाचांवरून त्यांची बोटं हळूहळू फिरली.

"दाबून लिहितेस," ते कुजबुजले. "तीही अशीच लिहायची... वाच."

"बाबा, मला हे..."

"तू 'हजर' म्हणालीस तेव्हाच मला कळलं. एवढ्या शांततेत तेवढा एकच शब्द ऐकू आला. वाच, बाळ. मला डोळे नाहीत. तीस वर्षं झाली..."

मी 'हजर' म्हणाले होते? मी पहिल्या ओळीकडे पाहिलं. तिथे स्पष्ट लिहिलं होतं. लघुलेखिका हजर आहे का? आणि त्याखाली, हजर.

मग तिसरी ओळ सुरू होत होती.

आमच्या धंद्यात वाचून दाखव म्हटल्यावर नाही म्हणत नाहीत. हाताला जशी सवय, तशीच जिभेलाही. मला वाचायचं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. तरी माझं तोंड उघडलं. जीभ टाळूला लागली. पहिलं अक्षर घशात तयार झालं, आणि त्याच्यामागे माझे सगळे शब्द रांगेत उभे असल्यासारखे सरकले, दार उघडण्याची वाट पाहत...

दाराच्या चौकटीवर डाव वाजला. दोनदा.

सासूबाई उंबरठ्यावर उभ्या होत्या. सात वर्षांत पहिल्यांदा. पुन्हा दोनदा वाजवला, इतक्या जोरात की चौकटीचा रंग उडाला. मग डाव टाकून त्या आत आल्या, माझ्या तोंडावर पीठ लागलेला तळवा दाबला आणि दुसऱ्या हाताने वहीतले ते दोन कागद टर्रकन फाडले.

"काय फाडलं?" सासरे उठले. "कोण आहे? काय फाडलंस?"

सासूबाईंनी कागदाची घडी केली आणि तोंडात घातली.

त्या चावत होत्या. डोळे माझ्यावर रोखून, शांतपणे, एकेक घास. त्याच पुस्तकात, त्या गर्जनांच्या लगेच खाली, पाहणाऱ्याला एक लहानशी गुंडाळी खायला देतात. तोंडात ती मधासारखी लागते आणि पोटात कडू होते. मी आदल्याच आठवड्यात त्यावर तीन पानं लिहून घेतली होती. सासऱ्यांनी अकरा अर्थ सांगितले होते. कागद खाणं हा अर्थ त्यांत नव्हता.

शेवटचा घास गिळून सासूबाई म्हणाल्या, "गोड आहे."

सासरे भिंतीला टेकले. "कोण... कोण बोललं?"

"मीच," सासूबाई म्हणाल्या. गंजलेली कडी निघावी तसा आवाज. "दुसरं कोण येणार आहे या घरात?"

त्यानंतर चार दिवस त्या बोलत होत्या. सात वर्षांचं साठलेलं. नवऱ्याला म्हणाल्या, तुझे बूट घाण मारतात, सात वर्षं सांगायचंय. मला म्हणाल्या, तुझ्या आमटीला चव नाही, पण पोर गुणी आहेस. आम्ही हसलो. पोट धरून त्याही हसल्या, आणि पोटावरचा हात त्यांनी मग काढलाच नाही. डॉक्टर तीनदा आले, तपासण्या झाल्या, काही सापडलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "आई, तुम्ही तेव्हा वाचलं होतं?"

"एक शब्द," त्या म्हणाल्या. "एकच बाहेर पडला, आणि बाकीचे सगळे त्याच्यामागे गेले."

"आणि ती पानं?"

"चुलीत घातली. जळली. पण संपली नाहीत बघ... तुझ्यापर्यंत आलीच. म्हणून यावेळी पोटात घातली. बाईच्या पोटात गेलेलं बाहेर येत नाही." मग माझा हात दाबून म्हणाल्या, "पेन्सिल घरात आणू नकोस."

चौथ्या दिवशी दुपारी त्या गेल्या. चार वाजून काही मिनिटं झाली होती. त्या वेळी घरात रडण्याचा आवाज आला नाही. आम्ही तिघंही रडत होतो.

सासऱ्यांनी ग्रंथ बांधून माळ्यावर टाकायला लावला. "दुसऱ्यांना सांगत राहिलो, चित्राकडे बघा," ते म्हणाले. "आणि स्वतः जन्मभर किल्ली शोधली. त्यासाठी दोन बायकांचे हात वापरले." मला क्षमा कर म्हणाले नाहीत. मीही केली म्हणाले नाही. चहा मात्र देते.

सासूबाईंचं मी ऐकलं. घरातल्या सगळ्या पेन्सिली, पेनं, कोरे कागद, अगदी हिशेबाची वहीसुद्धा बाहेर काढली. त्या बुधवारची पेन्सिल तेवढी टाकवेना. तिला टोक केलं, शिवणाच्या टेबलाच्या रिकाम्या खणात ठेवली आणि कुलूप लावलं. किल्ली माझ्या गळ्यात असते. हे मी शेजारच्या गल्लीतल्या वाचनालयात, त्यांच्या पेनाने, सकाळच्या वेळी लिहिते आहे.

काल रविवार होता. नवरा घरी होता, दुपारी आडवा झाला होता. संध्याकाळी चहा पिताना सहज म्हणाला, "मघाशी तू कुणाला 'हजर' म्हणालीस गं?"

मी उठून खण उघडला. पेन्सिल तिथेच होती. टोक पार झिजून लाकडाला टेकलेलं होतं.

खणात कागद नव्हता. घरातच कोरा कागद नाही. नवरा म्हणाला, हात बघू, काळं काय लागलंय? मी त्याला हात दिला नाही. बाही मनगटापर्यंत खाली ओढून घेतली.