धाकट्याची टू-स्ट्रोक

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. गोष्टीला तिखट-मीठ लावायची माझी खोड जुनीच आहे. पण हिच्यात माझ्या पदरचं चिमूटभरही नाही.

रात्र नव्हती. भुतं काय घड्याळ बघून येतात?

रविवारची टळटळीत दुपार. घरामागची पत्र्याची शेड. आत थोरला एकटाच. थोरला म्हणजे माझा मावसभाऊ. आणि समोर त्याच्या धाकट्या भावाची मोटरसायकल.

याच गाडीनं गेल्या वर्षी धाकट्याला नेलं. टेकडीच्या चढावर इंजिन जाम झालं, मागचं चाक जागच्या जागी अडकलं, तो फेकला गेला. का जाम झालं, कोणालाच कळलं नाही.

गाडी एवढीशी, काखेत मारावी अशी. पण टू-स्ट्रोकचं वेड लागलेल्यांना विचारा! संथ चालवली तर गरीब गाय. मूठ पिळली आणि वेगाचा काटा एका जागेपुढं सरकला, की अंगात आल्यासारखी सुटते. तो रिंग-डिंग-डिंग आवाज, तो निळा धूर… धाकटा त्या धुराला अत्तर म्हणायचा. आता या गाड्या बनत नाहीत. एका मूळ स्क्रूपायी सख्खे भाऊ बोलेनासे होतात.

थोरला ती गाडी आज बोक्याला देणार होता. फुकट. प्रेमानं.

बोका म्हणजे धाकट्याचा जिवलग मित्र. त्याचीही गाडी हुबेहूब अशीच. धाकट्याच्या गाडीला बोक्याशिवाय कोणाचा पाना लागत नसे. धाकटा गेला तेव्हा तो घरच्यांपेक्षा जास्त रडला होता.

बोका आला. आपली गाडी बाहेर लावली, किल्ली खिशात टाकली, आत येऊन नाक वर केलं.

"काय रे, आत्ताच फिरवून आणलीस वाटतं?"

"वर्षभर टाकी कोरडी आहे, बोक्या."

"मग धुराचा वास कसला?"

वास थोरल्यालाही येत होता. सकाळपासून…

बोक्यानं हसत इंजिनला हात लावला. आणि झटक्यात काढून घेतला.

इंजिन गरम होतं.

टिक…

टिक…

लांबून दमून आलेली गाडी निवताना करते ना, तसा आवाज.

"थट्टा पुरे हं, थोरल्या."

थोरला काही बोलणार, तेवढ्यात बाहेर… बोक्याची गाडी सुरू झाली.

दोघं धावले.

गाडीवर कोणीच नव्हतं. अंगणात कोणीच नव्हतं. किल्ली बोक्याच्या खिशात.

तरी मूठ आपोआप पिळली जात होती… सुटत होती… पुन्हा पिळली जात होती. आणि इंजिनाच्या कडेनं ऑइल ठिबकत होतं. थेंब… थेंब…

बोका गाडीकडं बघून ओरडला.

"परत लावणार होतो रे मी! देवाशपथ, परत लावणार होतो!"

गाडी बंद पडली.

"काय परत लावणार होतास?"

"पंप."

या गाड्यांत पेट्रोलबरोबर ऑइलही जळावं लागतं, नाही तर इंजिन घासून जाम होतं. ते ऑइल एक छोटा पंप पुरवतो. पंप नसेल तर टाकीतच हातानं मिसळायचं. बोक्याचा पंप जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाच्या ऐन आधी फुटला. नवा कुठं मिळतोय? मग सर्व्हिसला आलेल्या धाकट्याच्या गाडीचा काढला, त्या जागी पत्रा बसवला आणि वरून झाकण लावलं.

"त्याला सांगितलंस?"

"नाही म्हणाला असता तो! त्याच्या टाकीत मीच ऑइल मिसळून दिलं होतं. वाटलं, ते पेट्रोल संपायच्या आत पंप परत लावू…"

धाकट्यानं मध्येच साधं पेट्रोल भरलं होतं. त्याला काय ठाऊक?

"माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलास तू."

"रडू खरं होतं रे."

"केसानं गळा कापलास, बोक्या. काढ तो पंप. आत्ताच्या आत्ता."

बोक्यानं पंप काढून थोरल्याच्या पायाशी ठेवला. धाकट्याच्या गाडीचा पत्रा आपल्या गाडीला लावला. किक मारली.

निघता निघता तो थांबला. त्यानं टाकीवर टिचकी मारली आणि मागं वळून काहीतरी विचारलं. इंजिनच्या आवाजात थोरल्याला शब्द ऐकू आले नाहीत.

पण प्रश्न कळला. बोक्याच्या टाकीत साधं पेट्रोल होतं. ऑइलची बाटली शेडमध्ये, हाताच्या अंतरावर.

एका शब्दाचं काम होतं.

थोरल्याचं तोंड उघडलं नाही.

तरी बोक्यानं मान डोलावली… उत्तर मिळाल्यासारखी. आणि गेला.

आवाज टेकडीच्या चढाला लागला. रिंग-डिंग-डिंग… बारीक होत गेला…

मग मधेच तुटला.

बोका वाचला. पाय मात्र गेला. थोरला भेटायला गेला तेव्हा तो भिंतीकडं तोंड करून पडला होता.

"खोटं का बोललास?"

"मी? काय बोललो?"

"मी विचारलं, टाकीत ऑइल घातलंस का? तू म्हणालास, 'मिसळलंय मी, जा बिनधास्त.' चांगलं स्पष्ट ऐकलं मी."



"माझाच आवाज होता?"

बोका आता वळून त्याच्याकडं बघू लागला.

"तुम्हा दोघा भावांचा आवाज सारखाच आहे रे."

थोरला शपथेवर सांगतो, "मी ब्र काढला नाही." मी एकदा विचारलं, "अरे, मग ऑइल घाल म्हणून ओरडला का नाहीस?"

तो उठून शेडकडं निघून गेला. तो आता फार बोलतच नाही. चुकून बोललाच, तर वाक्य अर्ध्यात थांबवून आपलाच आवाज कान देऊन ऐकतो…