ठिपक्यांची चाल

चकलांब्याच्या अलीकडच्या वस्तीवर महिला दूध संस्थेचं पत्र्याचं शेड आहे. दुष्काळाच्या त्या वर्षी होळीआधीच तिथलं दूध बंद झालं. जनावरं काही छावणीत, बाकीची आष्टीच्या बाजारात. निम्मी वस्ती ऊसतोडीला गेलेली. संस्था मोडायची की ठेवायची, यासाठी चेअरमन वत्सलाबाईंनी सभा बोलावली होती.

शिवकन्या याच वस्तीची. मुंबईत कला शिकली. पण कॅमेरा, संगणक आणि प्रोजेक्टर यांतून चित्र घडवायचं तिचं काम घरात कुणाला सांगता यायचं नाही. वत्सलाबाईंनी शेडची किल्ली दिली ती 'रिकामंच हाय, कर काय करायचं ते' म्हणून.

तिनं दाराबाहेर वाटेच्या तोंडाशी कॅमेरा बसवला. वाटेनं माणूस गेला की संगणक त्याचं डोकं, खांदे, कोपर, मनगटं, गुडघे, पावलं तेवढी टिपायचा आणि आत, अंधाऱ्या शेडच्या भिंतीवर प्रकाशाचे ठिपके चालू लागायचे. चेहरा नाही, कपडे नाहीत, नुसती चाल. साठवून काही ठेवायचं नाही. माणूस गेला की ठिपके गेले. गाव रिकामं होतं म्हणजे काय, ते तिला दाखवायचं होतं. बराच वेळ भिंत काळीच असायची.

एका दुपारी ती वायर गुंडाळत होती, तेव्हा भिंतीवर ठिपके उमटले. एक बाई. डावं पाऊल जरा फेंगडं, उजवा हात काहीतरी धरल्यासारखा ताठ. शिवकन्येनं दाराबाहेर डोकावून पाहिलं. वाटेवर कुणी नव्हतं. धुळीत पाऊलही नव्हतं.

'उन्हानं कॅमेरा फसला,' ती स्वतःशी म्हणाली आणि भिंगावर फडकं बांधलं.

आत आली तर बाई चालतच होती. तिच्या मागून दुसरी आली. मग तिसरी.

तिनं संगणकाच्या तारा तपासल्या, तो बंद करून पुन्हा चालू केला. ठिपके परत आले. तिनं वत्सलाबाईंना हाक मारली. त्या आल्या, सोबत शेजारच्या भामाबाई. दोघी पदर तोंडाशी धरून उभ्या राहिल्या.

"ही मी हाय," भामाबाई हळूच म्हणाल्या.

"तुमी तर इथं उभ्या," वत्सलाबाई म्हणाल्या.

"हाय ना इथं. पर ती बी मीच. हे पाऊल लहानपणी मोडलं तवापासनं असंच पडतंय."

शिवकन्या ठिपक्यांचे खांदे बघत होती. रिकाम्या हाताचा माणूस असा झुकत नाही. प्रत्येकीचा एक खांदा खाली ओढला होता, आणि पाऊल जपून पडत होतं, आतलं सांडू नये असं. दुधानं भरलेल्या किटल्या.

"माझी म्हैस तर इकली," भामाबाई म्हणाल्या. "मग मी काय घिऊन चाललेय?"

रांगेत मागून एक उंच बाई आली. दर चार पावलांवर थांबून हात बदलायची. शिवकन्या खाली बसली. तशी एकच बाई तिनं पाहिली होती. तिची आई, मुक्ताबाई. ती त्या घडीला कोल्हापूरकडे उसाच्या फडात होती, आणि तोडीचा हंगाम संपून पट्टा पडला की तिकडंच वीटभट्टीवर राहायचं, गावाकडं यायचं नाही, असं तिनं फोनवर सांगून टाकलं होतं.

शिवकन्येनं तिथूनच फोन लावला.

"आई, तू कुठंयस?"

"फडात. कावून गं? आवाज असा का येतोय?"

भिंतीवरची बाई थांबली. हात बदलला. पुढं चालू लागली.

"आई, गावाकडं ये. शेड पुन्हा चालू होणारंय."

"कुणी सांगितलं?"

"मी बघतेय."

पलीकडं कोयत्यांचा आवाज चालूच होता. "बरं," मुक्ताबाई म्हणाली.

सभेत संस्था मोडायचा ठराव आला तेव्हा भामाबाई उठल्या. भिंतीचं काहीच बोलल्या नाहीत. "मोडायची न्हाई," एवढंच म्हणाल्या. वत्सलाबाईंनी हात वर केला, मग एकेकीनं.

ठिपके पुन्हा आले नाहीत. शिवकन्येनं ते काम मुंबईत मांडलं, पुण्यात मांडलं. समोरून जाईल तोच भिंतीवर दिसायचा.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. बायकांनी एकमेकींच्या आधारानं म्हशी आणल्या. शेड उघडायच्या सकाळी शिवकन्येनं कॅमेरा तिथंच, वाटेच्या तोंडाशी लावला. स्वतः समोरून चालून बघितलं. भिंतीवर तिचे ठिपके स्वच्छ चालले.

मग बायका आल्या. पुढं भामाबाई, उजव्या हातात किटली. मागं बाकीच्या. हसत, बोलत, कॅमेऱ्यासमोरून एकेक आत आली.

भिंत काळी होती.

शिवकन्येनं कॅमेऱ्यापुढं हात हलवला. भिंतीवर हात हलला. तिनं हात काढला. तेवढ्यात मुक्ताबाई समोरून गेली, थांबली, किटलीचा हात बदलला, पुढं आली.

भिंतीवर काहीच उमटलं नाही.

आत कॅनमध्ये दूध ओतल्याचा आवाज येत होता. मुक्ताबाईनं किटली खाली ठेवली आणि लेकीकडं बघून हसली. पाऊलवाटेची लाल माती तिच्या घोट्यापर्यंत चढली होती, नुकतीच चढलेली, आणि तिच्याखाली आणखी एक थर होता, वाळून भेगाळलेला.

"कावून की," ती पाय चोळत म्हणाली, "आज ही वाट दुसऱ्यांदा चालल्यागत वाटतंय."