तपासल्याशिवाय हो नाही

मी डोळे उघडले तेव्हा समोरच्या खुर्चीवर एक अनोळखी माणूस बसला होता आणि काळजीने माझ्याकडे बघत होता.

"डोकं दुखतंय का?" त्याने विचारलं. "गोळी आहे माझ्याकडे."

"नाही हो... जेवणाआधी प्रार्थना करत होते."

त्याने माझ्या ताटाकडे पाहिलं, मग कॅन्टीनच्या काउंटरकडे. "बरोबर आहे. इथलं जेवण बघता करायलाच हवी."

मला असा ठसका लागला की डोळ्यांत पाणी आलं. ग्लास त्यानेच पुढे सरकवला. मनगटं शर्टाच्या बाहीबाहेर आलेली, गुडघे टेबलाखाली मावत नव्हते — इतका उंच! संध्याकाळपर्यंत अख्ख्या मजल्याने त्याचा 'जिराफ' करून टाकला होता. आमच्याच टीममध्ये प्रोग्रॅमर म्हणून आला होता तो. मी तिथली टेस्टर. म्हणजे त्याने लिहायचं आणि मी त्यातल्या चुका शोधायच्या. मला सगळे 'भिंग' म्हणायचे, ते काही उगाच नाही.

रुग्णांना औषधाच्या वेळेची आठवण करून देणारं अ‍ॅप आम्ही बनवत होतो. जिराफाचं काम माझ्याकडे आलं आणि मी त्यातल्या चुका धडाधड परत पाठवायला लागले. दोन दिवस त्याने सहन केलं. मग माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"तू कुणाला 'छान केलंस' असं कधी म्हणतेस का गं?"

"छान केलं तर म्हणते."

"म्हणजे मी वाट बघायची?"

"बघ की. कुणी अडवलंय?"

त्या वाट बघण्याच्या निमित्ताने तो रोज येऊ लागला. कॅन्टीनमध्ये मी डोळे मिटले की त्याचा चमचा थांबायचा. बघत नव्हते मी... पण ऐकू येतंच ना!

एकदा तो हळूच म्हणाला, "लहानपणी आई मलाही चर्चला न्यायची. नोकरी लागली आणि... सुटलं."

"सुटलं, की सोडलंस?"

"हीसुद्धा चूक काढलीस?" तो हसला. पण त्याचे कान लाल झाले होते.

मी आमच्या चर्चच्या पाळकांची, म्हणजे धर्मगुरूंची, मुलगी. रविवारी उपासनेत गाते. चर्चमधल्या बायका मला नेहमी विचारतात, "कॉम्प्युटर पुरे झाला, देवाची सेवा कधी करणार?" मी म्हणते, "सोमवार ते शुक्रवार तेच तर करते, मावशी." त्यांना ती थट्टा वाटते. मी मात्र अगदी मनापासून बोलत असते.

मग तो शुक्रवार आला. अ‍ॅप संध्याकाळी रुग्णांच्या हाती जाणार होतं. जिराफाने शेवटचा बदल दुपारी दिला. फोन बंद पडून पुन्हा सुरू झाला तर औषधाची आठवण येते की नाही, हे तपासायचं राहून गेलं होतं.

आमच्या मॅनेजर मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तपासून झालं, असं लिहून टाक. टीम लीडसाठी मी तुझंच नाव सुचवणार आहे, ठाऊक आहे ना?"

"तपासलं नाही मॅडम... तर तपासलं असं कसं लिहू?"

मॅडमनी कॅलेंडर पुढे ओढलं. अ‍ॅप सोमवारवर गेलं.

जिराफ जिन्यात भेटला. "एकदा हो म्हटलं असतंस तर काय आकाश कोसळणार होतं? माझं इथलं पहिलं काम होतं ते!"

"एखाद्या आजीची गोळी चुकली असती तर?"

"माझ्यावर विश्वास नाही, असं म्हण ना सरळ."

"तुझ्यावर आहे रे. पण रविवारी ज्या तोंडाने गाते, त्याच तोंडाने खोटं कसं बोलू?" तो दोन-दोन पायऱ्या टाकत उतरून गेला.

घरी गेल्यावर मी खिडकीशी बसून विचारलं — प्रभू, मी खरी आहे, की नुसतीच हट्टी? उत्तर आलं नाही. पण झोप लागली.

शनिवारी सकाळी रिकाम्या ऑफिसात मी चाचणीचा एकेक फोन बंद करून चालू करत बसले होते. दार वाजलं. जिराफ! त्याने खुर्ची ओढली आणि अर्धे फोन स्वतःकडे घेतले. दुपारी उन्हाचा पट्टा टेबलावर सरकला तेव्हा शेवटच्या फोनवर आठवण वाजली. अगदी वेळेवर. एकही चूक नव्हती.

"छान केलंस," मी म्हणाले. "उगाच अडवलं तुला."

"उगाच?" तो फोनकडे बघत राहिला. "काल मला नुसतं वाटत होतं की बरोबर असेल. आज माहीत आहे. आणि काल जिन्यात मी जे बोललो ना... सॉरी."

टीम लीडची जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण जिराफाने सगळ्यांसमोर मॅडमना सांगितलं, "माझं काम हिने तपासल्याशिवाय पुढे पाठवू नका." त्या क्षणी त्या जागेचं दुःख निम्मं झालं.

पुढच्या रविवारी गाता गाता माझी नजर शेवटच्या बाकाकडे गेली आणि मी एक ओळच चुकले. सगळ्यांच्या वर एक डोकं... ओळखीचं!

उपासना संपल्यावर आम्ही दोघं गाण्याची पुस्तकं गोळा करत होतो.

"माझ्यासाठी आलास?" मी विचारलं. त्याने हो म्हटलं असतं तर आवडलं असतं... आणि आवडलंही नसतं.

तो विचारात पडला. "तुझ्यासाठी म्हटलं तर अर्धं खरं. देवासाठी म्हटलं तरी अर्धंच. प्रार्थनेत अजून मन लागत नाही माझं. पण इथे बसल्यावर वाटलं, परत यावं. तू गात नसलीस तरी यावं." मग पुस्तकांचा गठ्ठा छातीशी धरून तो म्हणाला, "आणि दुसरं अर्धं... तू मला फार आवडतेस. ते मात्र पूर्ण खरं आहे."

मी काही बोलणार तेवढ्यात पप्पा आले. मान मागे टाकून त्यांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, माझा लाल चेहरा पाहिला आणि हसू दाबत विचारलं, "पाहुणे जेवायला थांबणार ना?"

तो माझ्याकडे बघू लागला.

"थांबणार आहे, पप्पा," मी त्याच्या हातातली अर्धी पुस्तकं घेत म्हणाले. "आणि माझं ऐकलं तर... कायमचाच."