ताईच्या मागची भिंत

ताई पांघरुणं शिवायची आणि मी ती तपासायचो. पांघरूण म्हणजे रबरासारखं लवचीक कापड, आत केसाएवढ्या तारांची नक्षी. ते अंगावर घेतलं की मागे जे असेल तेवढंच गरम किंवा गार होई. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात मग माणसाच्या जागी मागची भिंत दिसे. रडारही फसे. पडद्यावर काहीच दिसलं नाही की आम्ही खूश.

त्या दुपारी पडद्यावर फक्त भिंत होती.

"झकास," मी म्हणालो. "आता काढ."

"कधीच काढलंय, आंधळ्या. घडी घालतेय."

मी वळून पाहिलं. घडी तिच्या हातात होती. पडद्यावर भिंतच होती. कॅमेऱ्यापुढे मी माझा हात धरला. तो लख्ख पांढरा दिसला.

निघताना आपोआप उघडणारं दार तिच्यासाठी उघडेना.

"दारानंही वाळीत टाकलं मला," ती हसली. मी पुढे झालो, तसं ते उघडलं.

घरी तिचा हात टेबलाच्या लाकडाएवढा गार लागला. शेगडीपाशी उभी राहिली की गरम. डॉक्टरांनी तीनदा ताप मोजला आणि थर्मामीटर बिघडल्याचं सांगितलं. रोज तिचा आवाज थोडा विरत होता.

"दुखतंय का गं कुठे?"

"छे. झोप लागायच्या आधी वाटतं ना, तसं दिवसभर वाटतं. तू पाठीशी बसलास की तेवढी जागी होते."

म्हणून मी तिच्या पाठीला पाठ लावून बसायला लागलो. मी उठलो की ती पुन्हा गार पडे. किती दिवस पुरणार होतो मी?

रविवारी कॅमेरा घरी आणला. ताई खिडकीजवळच्या स्टुलावर बसली. तिच्यामागे मोकळी जागा आणि भिंत. मी दाराशी उभा राहिलो.

पडद्यावर माणूस दिसला. लख्ख पांढरा.

"ताई, दिसतेयस!"

"थापा मारू नकोस." तिनं हसून दोन्ही हात हलवले.

पडद्यावरचे हात हलले नाहीत. ते मांडीवर शांत होते.

मी मान वर केली. खोलीत आम्ही दोघंच होतो.

"ताई, इकडे ये."

"बसू दे रे जरा. आज किती छान ऊब आहे. तू जा, जेवून घे."

स्टुलाला पाठ नव्हती. ताईनं डोळे मिटले, हळूच मागे रेलली आणि तशीच बसून राहिली.