पासष्ट जणांची होडी

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, असं मी म्हणणार नाही. ठेवाच. कारण यात बुडालेला माणूस माझा आजोबा होता. आणि त्याला बुडू देणारा, माझ्या आजीचा सख्खा भाऊ.

१९१३ सालचा एप्रिल. रविवार, दुपारचे तीन. हॅलिफॅक्सहून जहाज निघून तिसरा दिवस.

टायटॅनिक बुडून वर्ष झालं होतं. तिच्यावर होड्या कमी होत्या, म्हणून आता जहाजावर प्रत्येकासाठी होडीत जागा हवी आणि होड्या उतरवायचा सराव हवा, असा दंडक झाला होता. माझा आजोबा ओबेड हिमेलमन आणि आजीचा, म्हणजे हेटीचा, भाऊ एनोस कॉर्कम, दोघं एकाच जहाजावर खलाशी होते.

दाट धुकं होतं. जहाज थांबलं होतं. टायटॅनिक बुडाली ती जागा इथेच कुठेतरी, असं कुणीतरी म्हणालं.

"थांबलोच आहोत तर सराव उरकून टाका," कप्तानाने हुकूम दिला.

नऊ जण होडीत बसले. एनोस सुकाणूपाशी.

"पासष्ट माणसांची होडी आणि नऊ टाळकी!" ओबेड हसला. "पाय पसरून झोपा रे."

"झोप, झोप. हेटीला सांगतो, तुझा नवरा कामावर घोरतो म्हणून," एनोस म्हणाला.

दोर सुटू लागले... आणि करकरले.

"अरे, दगड भरलेत का आत?" वरून कुणीतरी ओरडलं.

होडी पाण्याला टेकली... आणि खाली बसत गेली. काठ पाण्यापासून जेमतेम वीतभर उरला.

तळाला भोक नव्हतं. पाणी आत येत नव्हतं.

आता कुणी हसेना.

ओबेड दोराचा आकडा सोडवायला उभा राहिला. सुटलेला आकडा झोका घेऊन त्याच्या छातीवर बसला आणि तो पाण्यात पडला.

लगेच वर आला. होडीपासून दोन हातांवर.

"आई गं, काय गार आहे! ओढा मला!"

एनोसने हात पुढे केला...

"जागा नाही."

ओबेडला वाटलं, थट्टा आहे. "मेव्हण्या, नाटकं पुरे. हात दे."

"जागा नाही."

खलाशी वल्ही मारत होते. त्याच्याच दिशेने, असं पुढे सगळ्यांनी शपथेवर सांगितलं. पण होडी मागे मागे जात होती.

ओबेडने एका वल्ह्याचं पातं पकडलं. वल्हं झटकलं गेलं. ज्याच्या हातात ते होतं तो म्हणाला, मी नाही झटकलं.

"एनोस! अख्खी होडी रिकामी आहे रे! हेटीला सातवा महिना चालू आहे!"

मग धुक्यातून नुसता आवाज.

मग तोही नाही.

होडी वर घेतली, तेव्हा ती फुलासारखी हलकी आली. आठ जण बसले होते तेवढी फळी कोरडी होती. बाकी सगळ्या फळ्यांवर बसल्याचे ओले ठसे... एकाशेजारी एक. मध्ये बोटभरही फट नव्हती.

चौकशी झाली. "जागा नाही" कोण म्हणालं?

सातही जणांनी एकच नाव घेतलं. एनोस. आवाज त्याचा. ओठही त्याचेच हलले.

एनोस सांगत राहिला, "मी तर हात पुढे केला होता. ते शब्द मी माझ्या मागून ऐकले. बाईच्या आवाजात."

त्याचं काम गेलं. आजीने त्याला दारात उभं केलं नाही. दोन महिन्यांनी माझी आई जन्मली, तेव्हाही नाही.

अडतीस वर्षांनी तो इस्पितळात शेवटच्या घटका मोजत होता. त्याने आजीला बोलावलं. ती गेली.

"हेटी, होडी खरंच भरलेली होती," तो म्हणाला. "पाण्यात पडलेल्या ओबेडकडून मी नजर वळवली, तेव्हा दिसलं. माझ्या गुडघ्याला टेकून एक बाई बसली होती. मांडीवर मूल. सगळी निथळत होती. कुणी हलत नव्हतं. ओबेडला आत घ्यायचं तर एकाला उतरावं लागलं असतं."

"मग तू का नाही उतरलास?"

एनोसने भिंतीकडे तोंड फिरवलं.

आजी उठली आणि घरी आली. तो संध्याकाळी गेला. मातीला ती गेली नाही.

मी तिला एकदा विचारलं, "आजी, तो खोटं बोलला असेल का गं?"

"खोटं बोलला असता तर मी त्याला माफ केलं असतं," ती म्हणाली. "पण मला ते खरं वाटलं."

मी हे लिहितेय तेव्हा खाली बंदरात एक प्रवासी जहाज लागलंय. सरावाचा भोंगा वाजतोय. सात लहान, एक लांब.

होड्या आता खाली येतील.

मी पडदा ओढून घेतलाय.